डेबिट कार्डाची तिमाही अट आणि चवथीची खरेदी

माझ्या बचत खात्यावर बँकेची एक योजना आहे. तिमाहीत डेबिट कार्डाने 10,000 रुपयांची खरेदी, तीही निदान पाच व्यवहारांत, झाली तर 500 रुपयांचे रिवॉर्ड पॉइंट मिळतात आणि कार्डाचं वार्षिक शुल्कही माफ होतं. जुलै ते सप्टेंबरची तिमाही मी मुद्दाम निवडली, कारण त्यात चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, येते आणि घरातून पैसा तसाही बाहेर पडतो. नवीन काही विकत घ्यायचं नाही, जे घ्यायचंच आहे ते कार्डाने घ्यायचं, एवढं ठरवलं होतं.

खरी अडचण खर्चाची नव्हतीच. इथे गोव्यात, फोंड्याला, भाजी, मासळी, पाव, सगळं आता क्यूआर कोडवर चालतं. पैसे त्याच खात्यातून जातात, पण यूपीआयचा व्यवहार थेट खात्यातून होतो, कार्डाच्या जाळ्यातून जात नाही. म्हणून तो या अटीत मोजत नाहीत. एटीएममधून काढलेली रोकड नाही, वॉलेटमध्ये भरलेले पैसे नाहीत, आणि माझ्या बँकेच्या नियमांत पेट्रोलही नाही. वीजबिल आणि विम्याचा हप्ता धरतात का, हे नियमावलीत स्पष्ट नव्हतं. मी ईमेल करून विचारलं. वीजबिल वीज खात्याच्या संकेतस्थळावर कार्डाने भरलं तर चालेल, विमा चालणार नाही, असं उत्तर आलं. ते जपून ठेवलं. फोनवर मिळालेल्या उत्तराचा पुढे काही उपयोग होत नाही.

त्याआधी बँकेच्या अॅपमध्ये कार्डाच्या सेटिंग पाहिल्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नवीन कार्ड सुरुवातीला फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालतं. ऑनलाइन आणि नुसतं टेकवून पैसे देण्याची सोय आपण स्वतः सुरू करायची असते. मी ऑनलाइन सुरू केलं आणि मर्यादा बिलाला पुरेल इतकीच ठेवली. टेकवायची सोय बंदच ठेवली, कारण 5,000 रुपयांपर्यंत पिन न विचारता पैसे जातात आणि कार्ड कधीकधी माझा मुलगा घेऊन जातो.

वरच्या बाजारात आमचा नेहमीचा किराणावाला आहे. महिन्याचं सामान बांधून झालं, मी कार्ड पुढे केलं. "वहिनी, स्कॅन करा ना, मशीन चार्जिंगला लावलंय." थांबते म्हटलं. त्याने गल्ल्याखालून मशीन काढलं, कागदाचा रोल संपलेला, तो शोधून बसवला, मग कार्ड घातलं आणि मशीन माझ्याकडे वळवलं. मागे दोघंजण उभे होते. त्याची नाराजी मला पटते. यूपीआयवर त्याला काही कापून जात नाही. रुपे डेबिट कार्डावरही 1 जानेवारी 2020 पासून शुल्क नाही. माझं कार्ड मात्र व्हिसाचं, आणि त्यावर लहान दुकानदाराकडून 0.40 टक्क्यांपर्यंत, मोठ्याकडून 0.90 टक्क्यांपर्यंत घेता येतं. त्यातला वाटा माझ्या बँकेला मिळतो, म्हणूनच ती मला पॉइंट देते. हे लक्षात आल्यावर मी लहान दुकानांत कार्ड काढायचं सोडलं. महिन्याचं सामान एकदा त्याच्याकडे झालं, पुढचं सुपरमार्केटमध्ये घेतलं. तिथे मशीन समोरच असतं, कुणाला थांबावं लागत नाही. सासूबाईंचा चष्मा, मुलांचे कपडे, दोन वीजबिलं, असं करत आकडा वाढत गेला.

माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळांचा, बाजार अर्थात रोखीचा. सुपारीचे घोस, रानफळं घेऊन डोंगराकडच्या गावांतून आलेल्या बायकांकडे कार्ड काढायचा प्रश्नच नव्हता, आणि तिथे घासाघीस करणंही मला जमत नाही.

एक साडी ऑनलाइन मागवली होती, ती रंग न पटल्याने परत पाठवली. पैसे परत आले तशी तेवढी रक्कम एकूण खर्चातून वजा झाली. शिवाय कार्डाने पैसे दिल्यावर खात्यातून ते लगेच कमी दिसतात, पण दुकानाच्या बँकेकडून हिशेब पूर्ण व्हायला एखाद-दोन दिवस लागतात, आणि आमची बँक ती दुसरी तारीख धरते. म्हणजे 30 सप्टेंबरला केलेली खरेदी पुढच्या तिमाहीत जाऊ शकते. म्हणून सप्टेंबरचा तिसरा आठवडा हीच माझी शेवटची तारीख होती आणि वर हजारभर रुपये जास्तीचे ठेवले होते. साडी परत गेली तरी अट मोडली नाही ती त्यामुळेच.

पॉइंट नोव्हेंबरात जमा झाले. त्यांचं किराणा दुकानसाखळीचं व्हाउचर घेतलं, कारण इतर वस्तूंच्या यादीत तेच पॉइंट कमी किमतीला जात होते. शुल्कमाफीही पुढच्या महिन्याच्या स्टेटमेंटवर दिसली.

आताची तिमाही चवथीशिवायची आहे. वीजबिल आणि सुपरमार्केटचं सामान कार्डावर टाकते आहे. तेवढ्यात 10,000 भरले तर ठीक, नाहीतर यावेळचे पॉइंट सोडून देणार आहे.