बाटली भरलेलीच घरी यायची

लघवीचं इन्फेक्शन, आमच्याकडे याला उन्हाळी लागणं म्हणतात. आई म्हणायची उष्णता झालीये, रात्री धने भिजत घाल आणि सकाळी ते पाणी पी. मी प्यायचे, बरंही वाटायचं, पण उन्हाळी परत यायचीच. गेल्या वर्षी मार्चमध्ये, मग जूनमध्ये आणि मग ऐन दिवाळीच्या तोंडावर. लघवीला जाऊन आलं की पाच मिनिटांत परत जावंसं वाटायचं, येणार चार थेंब, आणि जळजळ अशी की बाथरूमची कडी घट्ट धरून उभं राहायचं.

पहिल्या दोन्ही वेळी मी मेडिकलमध्ये नुसतं सांगितलं आणि गोळ्या आणल्या. दोन दिवसांत आराम पडला की उरलेल्या तशाच ड्रॉवरमध्ये. तिसऱ्या वेळी थंडी वाजून ताप आला आणि पाठीत एका बाजूला दुखायला लागलं, तेव्हा मात्र नवऱ्याने सरळ गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं. असा ताप म्हणजे इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलेलं असू शकतं, त्यात एक दिवसही घरी काढू नका.

डॉक्टर मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, दिवसभरात किती वेळा लघवीला जाता? मी मनात मोजायला लागले आणि गप्पच झाले. सकाळी सहाला घर सोडायचं, नाशिकच्या द्वारका चौकात सिन्नरची एसटी पकडायची, मग शाळा, घरी यायला तीन. या नऊ तासांत एकदाही नाही. शाळेत बाईमाणसांसाठी एकच टॉयलेट, त्याला आतून कडी नाही, नळाला पाणी आलं तर आलं. मग उपाय काय तर पाणीच प्यायचं नाही, माझी लिटरची बाटली जशी न्यायचे तशी भरलेली घरी यायची.

मॅडमनी कागदावर चित्र काढून दाखवलं. बहुतेक वेळा हे जंतू आपल्याच आतड्यातले असतात, ई. कोलाय नावाचे, आणि बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटीमीटर, म्हणजे वर चढायला त्यांना अंतरच नाही. दर वेळी लघवी झाली की ते धुऊन निघतात, आपण धरून ठेवली की त्यांना वाढायला वेळ मिळतो. घरी येऊन मी २०१८ सालचा एक अभ्यास वाचला. पाणी कमी पिणाऱ्या आणि वारंवार त्रास होणाऱ्या १४० बायका, त्यातल्या निम्म्यांनी वर्षभर रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायलं. त्यांना वर्षात सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. नुसत्या पाण्याने!

दुसरं म्हणजे कल्चर, म्हणजे लघवीत कोणते जंतू आहेत आणि त्यांच्यावर कोणतं औषध चालतं ती तपासणी. अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी सॅम्पल द्यायचं, पहिली धार सोडून मधली धार लॅबच्या बाटलीत. माझ्या रिपोर्टमध्ये औषधांची रांगच होती, आणि मी दोनदा अर्धवट खाल्लेल्या गोळीपुढे आर, म्हणजे ती आता चालणारच नाही. ते एक अक्षर बघून पोटात गोळा आला.

आईलाही हाच त्रास, पण तिचं कारण वेगळं निघालं. ती बासष्टची, पाळी जाऊन बरीच वर्षं झाली. इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी झालं की योनीतले चांगले जंतू कमी होतात आणि वाईटांचं फावतं, त्यासाठी आतून लावायची इस्ट्रोजेनचीच क्रीम असते. आई लाजून महिनाभर ट्यूब कपाटात ठेवून बसली होती. तिला म्हटलं, अगं आई, गुडघ्याला मलम लावतेस ना, तसंच हे. आता लावते, आणि खरंच फरक आहे. (स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर डॉक्टरांना आधी सांगाच.)

बाकी किरकोळ गोष्टी. धुताना पुढून मागे, संबंधांनंतर लघवीला जाऊन यायचं, सुगंधी वॉश बंद, साधं पाणी पुरे. क्रॅनबेरीचा वारंवार त्रास असणाऱ्यांना थोडा उपयोग होतो म्हणतात, पण बाजारातल्या सरबतात साखरच जास्त. आणि शुगर तपासून घ्या, ती वाढलेली असली तरी हे मागे लागतं.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. दिवाळीनंतर शाळा सुरू झाली तेव्हा मी आठवीच्या मुलींच्या बाटल्या बघितल्या. शेवटच्या तासाला सगळ्या भरलेल्या. माझ्यासारख्याच. आम्ही चौघी शिक्षिका मिळून मुख्याध्यापक सरांकडे गेलो, मी आडपडदा न ठेवता माझा रिपोर्टच टेबलावर ठेवला. पंधरा दिवसांत टॉयलेटच्या दाराला आतून कडी लागली, आणि मावशी आता पहिल्या तासाआधी ड्रम भरून ठेवतात. मुलींना सांगून ठेवलंय, तास चालू असला तरी विचारायला लाजू नका. काल गणिताच्या मध्येच तिघी उठल्या, बाई जाऊन येऊ? जा म्हटलं, आणि फळ्यावरचं उदाहरण त्या येईपर्यंत तसंच ठेवलं.