टाच की चवडा?

चाळिशीच्या आसपास धावायला लागलेली माणसं मला हटकून एक प्रश्न विचारतात. धावताना आधी टाच टेकवायची की चवडा? आणि या वयात धावण्याची पद्धत बदलता येते का? तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पद्धत बदलता येते, नक्की येते. पण टाच-चवड्याच्या वादातून तुम्ही बाहेर पडावं, असं मला मनापासून वाटतं. २०१० मध्ये हार्वर्डच्या डॅनियल लीबरमन यांचा अनवाणी धावणाऱ्यांवरचा अभ्यास ‘नेचर’मध्ये आला आणि जगभर चवड्यावर धावण्याची लाट आली. चवड्यावर उतरलं की जमिनीचा पहिला दणका कमी बसतो, हे खरंच आहे. पण भार नाहीसा होत नाही. गुडघ्यावरचा थोडा कमी होतो आणि पोटरीवर, टाचेमागच्या जाड शिरेवर, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या ॲकिलिस टेंडनवर जातो. वर्षानुवर्षं खुर्चीत बसून काम केलेल्या माणसाची ती शीर एवढ्या भाराला तयार नसते. २००४ साली जपानमध्ये साप्पोरोच्या अर्धमॅरेथॉनमध्ये १५ किलोमीटरच्या खुणेपाशी नामवंत धावपटूंच्या पावलांचं चित्रण केलं गेलं. त्यातले जवळपास तीन चतुर्थांश धावपटू टाचेवर उतरत होते. एवढ्या वेगानं धावणारे टाचेवर उतरत असतील, तर तुमच्या टाचेला दोष कशाला द्यायचा?

बघायचं ते हे, की पाऊल अंगाच्या किती पुढे पडतंय. गुडघा जवळजवळ ताठ, पाय लांब पुढे फेकलेला आणि त्यावर सगळं वजन, असं झालं की प्रत्येक पावलाला तुम्ही स्वतःला ब्रेक लावता. कुणाला तरी बाजूनं मोबाइलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढायला सांगा. पाऊल टेकतं त्या क्षणाला थांबवा आणि नडगी बघा. ती साधारण उभी असेल तर उत्तम. पाऊल गुडघ्याच्या बरंच पुढे गेलेलं दिसलं, तर तिथे काम करायला हवं.

हे काम पायाकडे बघत होत नाही. कॅडेन्स, म्हणजे मिनिटाला पडणारी पावलं, वाढवली की पाऊल आपोआप जवळ पडतं. नेहमीच्या निवांत वेगानं धावताना अर्धा मिनिट फक्त उजवं पाऊल मोजा आणि चारनं गुणा. समजा १५६ आलं, तर १६४ पर्यंत जा, बस्स. मिनिटाला १८० पावलं हा आकडा तुम्ही ऐकला असेल. तो धावण्याचे प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांनी १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये शर्यतीत धावणाऱ्यांची पावलं मोजून पुढे आणला. ऑलिंपिकच्या वेगाचा आकडा सात मिनिटांत किलोमीटर धावणाऱ्यानं स्वतःवर का लादावा? नेहमीच्या कॅडेन्समध्ये पाच ते दहा टक्के वाढ केली तरी गुडघ्यावरचा भार कमी होतो, हे २०११ मध्ये विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी मोजून दाखवलं आहे. फक्त वेग तोच ठेवा. पावलं वाढवताना माणसं नकळत जोरात पळायला लागतात, दम लागतो आणि ‘हे काही आपल्याला जमत नाही’ म्हणून सोडून देतात. सुरुवातीला एक-दोन मिनिटं मोबाइलच्या मेट्रोनोमच्या, म्हणजे एका लयीत ठोके देणाऱ्या ॲपच्या, ठोक्यावर धावायचं, मग ते विसरून नेहमीसारखं, मग पुन्हा ठोक्यावर.

आम्हा सातारकरांना यासाठी यवतेश्वरचा घाट आहे. चढावर पाय लांब फेकताच येत नाही. रस्ताच वर येतो आणि पाऊल तुमच्या खालीच पडतं. म्हणून नव्या माणसाला मी आधी चढावर छोटे छोटे तुकडे धावायला लावते. शब्दांत समजावून जे कळत नाही, ते पायांना तिथे कळतं. खरी परीक्षा मात्र उतारावर. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनमध्ये हाच घाट चढायचा आणि त्याच वाटेनं उतरायचा असतो. चढताना दमानं, नीट धावलेली माणसं उतरताना भीतीनं मागे रेलतात, टाचा रोवत येतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांना जिना उतरवत नाही. लांबत लांबत वजन पेलताना मांडीच्या पुढच्या स्नायूंची दमछाक होते, म्हणून हे दुखणं. उतारावर पावलं आणखी लहान, आणखी भरभर टाका आणि अंग रस्त्याच्या उताराबरोबर जाऊ द्या.

खांदे सैल, मुठी सैल, कमरेत वाकू नका. याहून जास्त शरीराच्या वरच्या भागाचा विचार करू नका. चेकोस्लोव्हाकियाचा धावपटू एमिल झाटोपेक याची धावताना मान वाकडी व्हायची, चेहरा वेदनेनं पिळवटल्यासारखा दिसायचा. तरी त्यानं १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदकं जिंकली.

आठवड्यातून दोनदा पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली करा, आधी दोन्ही पायांवर, मग एकेका पायावर. पोटरी भक्कम नसेल तर वर सांगितलेलं काहीही टिकत नाही. स्नायू लवकर तयार होतात, टाचेमागच्या त्या शिरेला महिने लागतात. त्यामुळे शर्यत महिन्यावर आली असेल तर आत्ता काहीच बदलू नका. ती तुमच्या सवयीच्या पद्धतीनंच धावा. आणि एकाच जागी सतत दुखत असेल, तर पावलं मोजण्याआधी फिजिओथेरपिस्टला दाखवा.