घरच्या गणितासाठी पुस्तक निवडताना

सहा-सात वर्षांच्या मुलासाठी इयत्ता बघून गणिताच्या पुस्तकांचा संच मागवू नका. बरेच प्रकाशक स्तरचाचणी, म्हणजे मूल कोणत्या स्तरावर आहे ते दाखवणारी चाचणी, देतात. ती घड्याळ न लावता सोडवून घ्या. उत्तरापेक्षा मूल ते कसं काढतं याकडे लक्ष द्या. ८ + ५ साठी ते पुन्हा एकपासून मोजत असेल, तर वरचा स्तर नकोच.

मग पुस्तकाचा नमुना उघडा आणि हातच्याच्या बेरजेचं पान शोधा. माझ्या मते सगळी परीक्षा तिथेच होते. २७ + १५ आधी काड्यांनी, मग चित्राने आणि शेवटी अंकांनी मांडलंय का? ७ आणि ५ मिळून १२ सुटे, त्यातल्या दहांचा एक गठ्ठा, तो दशकांच्या घरात. सिंगापूरच्या शाळांत १९८० च्या दशकात रुजलेला क्रम हाच: वस्तू, चित्र, अंक. थेट ‘हातचा एक’ शिकवणारं पुस्तक वेगवान वाटतं खरं, पण दशक न कळलेलं मूल पुढे ५२ – २७ मध्ये सरळ ७ मधून २ वजा करतं आणि ३५ लिहून मोकळं होतं.

काही पुस्तकं एकच विषय पक्का होईपर्यंत धरून ठेवतात, काही रोज थोडं नवं आणि बरंच जुनं देतात. विसरणाऱ्या मुलाला दुसरा प्रकार मानवतो. पहिल्यात उजळणीची पाच उदाहरणं रोज तुम्हालाच घालावी लागतील.

धडा १५-२० मिनिटांत आटपावा. रंगीत चित्रांची भुरळ पडू देऊ नका. पालकांसाठीची पुस्तिका मात्र नीट वाचा.