उपग्रह दुपारी येतो, वणवा संध्याकाळी

उपग्रहांच्या प्रतिमांवरून जमिनीचे नकाशे तयार करणे हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय आहे, आणि फेब्रुवारी ते मे या काळात रोज सकाळी चहाबरोबर सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरचे आगीचे ठिपके पाहणे ही त्या व्यवसायातून जडलेली खोड. नासाच्या ‘फर्म्स’ या संकेतस्थळावर हे ठिपके कोणालाही विनामूल्य पाहता येतात. उपग्रह डोक्यावरून गेल्यानंतर साधारण तीन तासांत ते तेथे उमटतात. काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये असे तीन ठिपके संगमेश्वर तालुक्यातील माझ्या गावाच्या वरच्या अंगाला दिसले, तेव्हा मी घाबरून काकांना फोन लावला आणि वर वणवा लागला आहे का, असे विचारले. पलीकडून थोडा वेळ काही उत्तर आले नाही. मग काका म्हणाले, “अरे, वणवा कसला? राब भाजलाय वाडीने. तू पुण्यात बसून आमची चूलपण मोजतोस काय?”

ज्यांना कोकणची भातशेती परिचयाची नाही त्यांच्यासाठी सांगतो. ज्या तुकड्यात भाताची रोपे काढायची, त्यावर शेण, झाडांची तोडलेली कवळे, पालापाचोळा आणि गवत यांचे थर रचून वर बारीक माती पसरतात आणि वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवून देतात, म्हणजे आग धावत नाही, सावकाश पुढे सरकते. तणाचे बी मरते, राख मातीत मिसळते. राबासाठी झाडे ओरबाडली जातात, ही तक्रार जुनी आहे आणि ती खोटी नाही; पण राब म्हणजे वणवा नव्हे. हा फरक गावातल्या लहान मुलाला कळतो आणि सव्वाआठशे किलोमीटरच्या आसपास उंचीवरून पाहणाऱ्या उपकरणाला कळत नाही.

तो का कळत नाही, हे त्या उपकरणाच्या पद्धतीतच आहे. वस्तू जितकी अधिक तापलेली, तितकी तिच्यातून बाहेर पडणारी ऊर्जा आखूड तरंगलांबीकडे सरकते. आपल्या पायाखालची जमीन मुख्यतः ११ मायक्रोमीटरच्या आसपास ‘चमकते’, तर ज्वाला ४ मायक्रोमीटरच्या आसपास. ‘सुओमी एनपीपी’ आणि त्याच्या मागून सोडलेल्या उपग्रहांवरचे ‘व्हीआयआयआरएस’ हे उपकरण या दोन्ही तरंगलांब्यांवर मोजमाप घेते, प्रतिमेतला एखादा चौकोन शेजारच्या चौकोनांपेक्षा ४ मायक्रोमीटरवर विलक्षण तेजस्वी दिसला की त्याच्यावर आगीचा शिक्का मारते आणि नकाशावर त्या चौकोनाच्या मध्यबिंदूवर ठिपका ठेवते. हा चौकोन ३७५ मीटर बाजूचा, म्हणजे जवळजवळ ३५ एकरांचा असतो. त्यातला एखादा लहानसा तुकडा जरी जोरात पेटला असला तरी चौकोन लाल होतो, आणि ठिपका मात्र भलत्याच्याच काजूच्या बागेत जाऊन बसतो. काकांच्या राबाचा एक ठिपका नेमका अशाच एका शेजाऱ्याच्या कलमांवर पडला होता. तो मी त्यांना दाखवला नाही, कारण बांधावरून आधीच पुरेशी भांडणे आहेत.

भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ पासून अशाच ठिपक्यांच्या आधारे राज्यांच्या वन विभागांना आगीच्या सूचना पाठवते. गडचिरोली आणि मेळघाटसारख्या भागात, जेथे मोहफुले वेचण्यापूर्वी झाडाखालचा पाला जाळण्याची पद्धत आहे आणि तेथून सुटलेली आग दूरवर जाते, तेथे या सूचनेचे मोल मोठे आहे. माझा आक्षेप आहे तो ठिपके मोजून ‘यंदा इतक्या आगी लागल्या’ असे लिहिणाऱ्यांना. दोन दिवस चाललेला एकच वणवा वीस ठिपके देऊ शकतो, वीस राब मिळून एक ठिपका उमटतो, आणि काही आगींचा तर ठिपकाच पडत नाही.

हा शेवटचा प्रकार मी पुढच्याच वर्षी पाहिला. मार्चमध्ये सायंकाळी पाचच्या सुमारास सड्यावरचे, म्हणजे गावावरच्या उघड्या कातळपठारावरचे, वाळके गवत कोणीतरी पेटवले, आग उतारावरून बागांमध्ये शिरली, आणि माणसांनी हिरव्या डहाळ्यांनी झोडपून ती रात्री अकराच्या आत विझवली. व्हीआयआयआरएस असलेले उपग्रह आपल्याकडे घड्याळाप्रमाणे दुपारी दीड-दोनच्या सुमारास आणि तितक्याच वाजता रात्री येतात. दुपारच्या फेरीला आग लागलेली नव्हती आणि रात्रीच्या फेरीपर्यंत गवताची राख थंड झाली होती. आपले इन्सॅट-३डी मालिकेतले हवामान उपग्रह दर अर्ध्या तासाला पाहतात खरे, पण त्यांचा उष्णतेचा चौकोन ४ किलोमीटरचा. सड्यावरची गवताची आग त्यात विरून जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पडद्यावर गाव स्वच्छ होते, आणि काकांची आठ कलमे करपली होती.

अशा वेळी आगीऐवजी तिचा व्रण शोधावा लागतो. युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांची जोडी दर पाच दिवसांनी त्याच जागेची प्रतिमा घेते आणि तिच्यात १० ते २० मीटरपर्यंतचा तपशील मिळतो. हिरवे पान निकट-अवरक्त किरण भरपूर परावर्तित करते आणि लघुलहरी-अवरक्त किरण शोषते. जळालेल्या जमिनीवर हे उलटे होते. या दोहोंच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की ‘एनबीआर’ हा निर्देशांक मिळतो, आणि आगीपूर्वीच्या निर्देशांकातून नंतरचा वजा केला की व्रण उठून दिसतो. पुस्तकात हे इतके सोपे आहे. सह्याद्रीत मात्र डिसेंबरपासून गवत आपसूकच वाळत जाते आणि निर्देशांक आगीविनाच उतरतो, म्हणून जानेवारीची आणि एप्रिलची प्रतिमा ताडून पाहणाऱ्याला अख्खा सडा जळालेला दिसतो. उघड्या जांभ्या दगडाचा रंग व्रणाशी मिळताजुळता असतो. प्रतिमा सकाळी अकराच्या सुमाराची असल्याने हिवाळ्यात पश्चिमेकडे तोंड असलेले कडे सावलीत असतात आणि तेही काळे, जळाल्यासारखेच दिसतात. त्यामुळे आगीच्या लगेच आधीची आणि लगेच नंतरची, अशा पाच-दहा दिवसांच्या अंतराच्याच प्रतिमा घ्याव्या लागतात. गवताची राख वारा फार दिवस राहू देत नाही, आणि पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांत तेथे काही घडले होते हे कोणालाही दाखवता येत नाही. काकांच्या बागेवरचा व्रण मला मिळाला तो आगीनंतर तिसऱ्या दिवशीच्या प्रतिमेत: सड्यावर रुंद, बागेकडे निमुळता होत गेलेला, आणि पाखाडीपाशी, म्हणजे दगडी पायवाटेपाशी, सरळ रेषेत थांबलेला. पाखाडीच्या दोन्ही अंगांचे गवत काकांनी जानेवारीतच काढून घेतले होते. वन विभाग ज्याला जाळरेषा म्हणतो तिचेच हे घरगुती रूप.

जमीन कशाखाली आहे, हे ओळखताना हाच घोळ अधिक मोठ्या प्रमाणावर होतो. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येप्रमाणे एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर झाडांच्या छत्राची घनता १० टक्के किंवा अधिक असेल तर ते वनाच्छादन, मग झाडे कोणत्याही जातीची असोत आणि जमीन कोणाच्याही मालकीची असो. म्हणजे हापूसची बाग, काजूची लागवड आणि दोडामार्गकडचे रबराचे मळे, सारे त्यात बसते. ही व्याख्या लपवलेली नाही, अहवालातच लिहिलेली असते. वाचणारे ती वाचत नाहीत. त्यात कोकणातली खरी गंमत अशी की ऐन-किंजळीचे जंगल उन्हाळ्यात पाने गाळते आणि काजू हिरवागार राहतो, त्यामुळे एप्रिलच्या निरभ्र प्रतिमेत लागवड ही जंगलापेक्षा सरस दिसते. पावसाळ्यात दोन्ही हिरवी, पण तेव्हा ढगांमुळे काही दिसत नाही. म्हणून एका तारखेच्या प्रतिमेवर न विसंबता वर्षभराच्या हिरवेपणाचा आलेख काढावा लागतो: उन्हाळ्यात खोल उतरणारी रेषा पानझडी जंगलाची, फारशी न हलणारी काजूची, आणि थंडीच्या अखेरीस थोडा काळ उतरून लगेच वर येणारी रबराची.

आमच्या वाडीच्या वर असाच एक उतार आहे. २०१७ च्या आलेखात त्याची रेषा एप्रिलमध्ये सरळ खाली जाते. पुढे दोन वर्षे तेथे लाल माती आणि जेसीबीने काढलेल्या पायऱ्या दिसतात. त्यानंतर रेषा हळूहळू वर येत गेली आणि आता ती उन्हाळ्यातही हलत नाही. माझ्या संगणकाने त्याला आधी ‘वृक्षाच्छादन’, मग ‘उघडी जमीन’ आणि आता पुन्हा ‘वृक्षाच्छादन’ म्हटले आहे. काकांना मी विचारले की त्या जागेला तुम्ही काय म्हणता. ते म्हणाले, “पूर्वी रान म्हणायचो. आता मुंबईवाल्यांची काजू म्हणतो.”