डी-७

गुरुवार, रात्री साडेदहा

सकाळी जंतांवरच्या औषधांच्या चाचणीची प्लेट मायक्रोस्कोपखाली घेतली आणि डी-७ या वाटीवर हात थांबला. बाकी वाट्यांत अळ्या वळवळत होत्या. इथे मात्र काड्या सांडाव्यात तशा सरळ, निपचित. ९६ वाट्या, त्यांत मेंढीच्या पोटातल्या हिमॉन्कस जंताच्या अळ्या, आणि बहुतेक वाट्यांत माणसासाठी आधीच वापरात असलेलं एकेक औषध. कुठलं रक्तदाबाचं, कुठलं बुरशीचं. शेवटच्या रांगेत तुलनेसाठी आयव्हरमेक्टिन, जंतांचं नेहमीचं औषध.

दुपारी डी-७ मधल्या अळ्या धुऊन ताज्या द्रवात ठेवल्या. चारच्या सुमारास एकीची शेपटी हलली. मग दुसरीची. फार वाईट वाटलं.

तरी डी-७ वर काट मारली नाही. आतड्यातला जंत मरायलाच हवा असं नाही. लेव्हामिसोल हे जंतांचं औषध त्याला नुसता लुळा करतं. पकड सुटली की आतडंच त्याला बाहेर ढकलतं. खरी अडचण मात्रेची आहे. प्लेटमध्ये १० मायक्रोमोलर इतकं तीव्र औषध घालणं सोपं. गोळी घेतल्यावर जंतापर्यंत तेवढं पोचेल का, आणि माणसाला ते सोसेल का?

संध्याकाळी आप्पांचा फोन. "मेलं का गं जंत?"

"लुळे पडले आप्पा, पण परत उठले."

"आपल्या मेंढरांचं तसंच की. दवा पाजली की महिनाभर बरं, मग पुन्हा हायेच."

लहानपणी जबड्याखाली पाणी उतरलेली मेंढी मी दाबून बघायचे, बोट उमटून राहायचं. खालची पापणी ओढली की आत पांढरीफटक. हिमॉन्कस रक्तावर जगतो.

जंत गरिबाच्या घरात जास्त, म्हणून त्यांच्यासाठी नवं औषध शोधायला पैसा निघत नाही. मग जुनी कपाटं उघडायची, दुसऱ्या कामाची औषधं जंतांवर तपासायची. प्राझिक्वांटेल या जंतांच्या औषधाच्या जातीची रसायनं १९७० च्या दशकात आधी मन शांत करणारं औषध म्हणून तपासली जात होती. इमोडेप्साइड मांजरांच्या जंतांचं. टांझानियातल्या पेंबा बेटावर ते चाबूककृमी (चाबकासारखा दिसणारा आतड्यातला जंत) झालेल्या माणसांना देऊन पाहिलं. शाळेत मिळणारी ४०० मिलिग्रॅम अल्बेंडाझोलची एक गोळी गोल जंतावर चांगली चालते, चाबूककृमी मात्र सुमारे तिसऱ्या हिश्शाच्या रुग्णांतच पूर्ण जातो. बाकीच्या मुलांचं काय, हे मला टोचत राहतं.

उद्या डी-७ चं औषध निम्मं-निम्मं करत पुन्हा लावायचं, धुऊन आणि न धुता. आप्पांना सांगितलंय, ज्या मेंढीला दवा लागू पडेना तिच्या ताज्या लेंड्या वेगळ्या पिशवीत पाठवा.