उंटाची मान

पारोळा तालुक्यातली अंगणवाडी, सकाळचे 11. प्राण्यांच्या बडबडगीतांच्या 16 पानी पुस्तकाची नमुना प्रत मुलांसमोर धरली. पान 6-7 वर आडवा पसरलेला उंट. पुढे बसलेल्या चार वर्षांच्या मुलीने खाचेत बोट घातलं आणि म्हणाली, "मान नई शे!"

खरंच नव्हती. फाइल आम्ही एकेका पानाची दिली होती, त्यामुळे प्रेसमधून आठ सुटे कागद निघाले. घडीच नाही तर मधोमध पिन मारणार कुठे? बाइंडरने बाजूने मारली. बाजूची पिन दोन्ही पानांचे दहा-दहा मिलिमीटर गिळते, त्यात 170 जीएसएमचा जाड कागद सपाट उघडत नाही.

पिना उचकटल्या, कागद सुतळीला चिमट्यांनी टांगले. आता टाळ्या: उंटाच्या कोड्याची एकेक ओळ टाळीवर म्हणायची. "लांब लांब ही मान कुणाची" झकास बसली. "पाठीवरती टेकडी कुणाची" म्हणताना सगळे फिसकटले. मोजलं तर पहिलीत 16 मात्रा, दुसरीत 18. मनातल्या मनात वाचताना जीभ असल्या दोन मात्रा सहज ढकलून नेते, टाळी नाही नेत.

तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, "खाट?"

कापूस निघाला की काठेवाडी मेंढपाळ इकडे येतात. त्यांच्या उंटांवर बिऱ्हाड लादलेलं, वर उलटी खाट. मोकळ्या पाठीचा उंट या पोरांनी पाहिलेलाच नाही! "पाठीवर ही खाट कुणाची": शब्दागणिक मात्रा 6, 2, 3, 5. बरोबर 16. टेकडी तिथेच खोडली.

मधल्या पिनेसाठी चार मोठे कागद दुमडावे लागतात. त्यात 6 ची जोडी 11 शी आणि 7 ची 10 शी, म्हणजे समोरासमोर दिसणारी पानं वेगळ्या कागदांवर. घडी दोन मिलिमीटर सरकली तरी चित्र तुटतं. अखंड जागा एकच, सगळ्यात आतल्या कागदावरची 8-9. उंट तिथे नेला. 7 वर नुसते उलट्या खाटेचे पाय आणि प्रश्न, पान उलटलं की उंट. कोड्याचं उत्तर समोरच्याच पानावर असलं तर मुलं प्रश्न ऐकतच नाहीत.

चित्रकाराने खाटेचे पाय वरच्या कडेला टेकवले होते. कटिंगमध्ये एखादा नक्की गेला असता, म्हणून ते 10 मिलिमीटर खाली घेतले.