आमची वाटचाल : मे महिन्यातली गोडी छाटणी

सुरुवात नाशिकच्या कॉलेज रोडवर, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत झाली. दोन पीसी, मी आणि माझा मेव्हणा. सातपूर-अंबडच्या कारखानदारांच्या वेबसाइट करायचो : पाच पानं आणि शेवटी एन्क्वायरी फॉर्म. फॉर्म मेव्हणा पीएचपी या वेबसाइटच्या प्रोग्रामिंग भाषेत हातानं लिहायचा. एकाचा उचलून दुसऱ्याला. त्याचे वेगळे पैसे घेत नव्हतो आणि खरं सांगायचं तर एकदा चालू झाला की पुन्हा उघडूनही बघत नव्हतो.

ते २०१९ मध्ये अंगाशी आलं. पीएचपीच्या ५.६ आवृत्तीचा सपोर्ट २०१८ अखेर संपला, होस्टिंगवाले (ज्यांच्या सर्व्हरवर साइट ठेवायचो ते) आवृत्ती ७ वर सरकले. आमचे फॉर्म डेटाबेसशी बोलायला ज्या जुन्या मायएसक्यूएल फंक्शनवर चालायचे, ती ७ मधून काढूनच टाकलेली. फोन सुरू झाले, "भाऊ, सबमिट दाबलं की पांढरं पान येतंय." ठिगळं लावण्यापेक्षा सगळे फॉर्म वर्डप्रेसमध्ये, म्हणजे कोड न लिहिता साइट सांभाळता येते अशा तयार सॉफ्टवेअरमध्ये न्यायचे ठरवलं, म्हणजे एखादा रकाना वाढवायचा तर ग्राहकाच्या ऑफिसातल्या ताईच वाढवतील.

पहिल्याच कामात पोळलो. फॉर्मसाठी निवडलेला प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचं तयार जोडसॉफ्टवेअर) नुसता मेल पाठवायचा, साठवत काही नव्हता. त्यात 'फ्रॉम'मध्ये चौकशी करणाऱ्याचाच ईमेल टाकायची आमची जुनी खोड. परक्याच्या नावानं आलेले ते मेल समोरचा सर्व्हर घेईना. पंधरा दिवसांच्या चौकश्या गेल्या, पाठोपाठ ग्राहकही गेला. आता एन्ट्री आधी डेटाबेसात, मग मेल. 'फ्रॉम' साइटच्या डोमेनचा, चौकशी करणारा 'रिप्लाय-टू'मध्ये.

मग पिंपळगाव बसवंतकडच्या एका द्राक्ष पॅकहाउसचा बागायतदार नोंदणी फॉर्म हलवायला आला. गाव, गट नंबर, वाण आणि गोडी छाटणीची, म्हणजे फळ धरायला ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या छाटणीची तारीख. जुन्या फॉर्मात नावाचा रकाना ५० बाइटचा. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे काना-मात्रा धरून जेमतेम १६. निम्म्या बागायतदारांची आडनावं उडालेली, ती कागदी रजिस्टरवरून भरली.

तारखेचं प्रकरण आम्हाला दिसलंच नाही. सगळा डेटा नव्या फॉर्ममध्ये ओतला आणि तिथल्या सुपरवायझर काकांना दाखवायला लॅपटॉप घेऊन गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, यादी वाचली आणि विचारलं, "मे महिन्यात गोडी छाटणी कोण करतो हो?"

पीएचपी तिरक्या रेघेची तारीख अमेरिकन पद्धतीनं वाचतं, आधी महिना. ५/१० म्हणजे ५ ऑक्टोबरचा १० मे झाला. आणि १३/१० चं काय करायचं ते न कळून सरळ १ जानेवारी १९७०, म्हणजे संगणकाची शून्य तारीख. "सत्तर साली तर मी चड्डीत होतो," काका म्हणाले. हसलो, पण घाम फुटला होता. छाटणीच्या तारखेवरून दिवस मोजूनच तोडणीचे मजूर आणि गाड्या ठरतात.

डॅश असला की पीएचपी आधी दिवस वाचतं, म्हणून रेघांच्या जागी डॅश टाकल्यावर बहुतेक तारखा सरळ झाल्या. उरल्या चाळीसेक, ज्यात तारीखच नव्हती : 'दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी', 'पाऊस उघडल्यावर'. काका आणि मी दोन संध्याकाळ फोन घेऊन बसलो. दसरेवाले कॅलेंडरवरून सुटले, पाऊसवाल्यांना एकेक करून विचारावं लागलं.

नव्या फॉर्ममध्ये तारीख निवडायचीच सोय ठेवली. खाली 'शेरा' नावाचा मोकळा रकाना काकांनी हट्टानं घालून घेतला. मला तो नको होता. मागच्या हंगामात त्यात एकानं लिहिलं, 'वरची तारीख अंदाजे, फोन करा.'